माहेरचं रक्त

रविवारी सकाळी संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत रुक्मिणीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणजे हात तांदळात होते, डोळे सुनेवर. दिव्या पाच वर्षांच्या ओवीच्या पायावर बोट दाबून बघत होती. बोट उचललं तरी खळगा तसाच राहायचा. सहा महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या होत्या. पोर गोळ्यांनी फुगली, चिडकी झाली, पण लघवीतून जाणारं प्रोटीन काही थांबेना.

तेवढ्यात दिव्याचा फोन वाजला. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि हळूहळू बोलली.

"कुनाचा फोन गं?"

"आईचा, आत्या. ओवीची चौकशी करत होती."

"मग भिताडाकडं त्वांड कशाला?"

दिव्याने ओवीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. रुक्मिणीबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली, ही पोर काहीतरी लपवतेय.

दिव्या त्यांना आत्या म्हणायची, कारण त्या तिच्या खरोखरच्या आत्या होत्या. माण गावी राहणारा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ चिमाजी, त्याची ही थोरली लेक. मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. रुक्मिणीबाईंच्या आईवडिलांचंही लग्न तसंच झालेलं. आता त्यांच्या धाकट्या मुलाची, गणराजची, सुपारी दिव्याच्या बहिणीशी, करिष्माशी, फुटायची होती. घरातली पोर घरात, जमीनही घरात. सोयीचं होतं सगळं, नाही कोण म्हणतो?

पण आजारानं घोळ घातला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दुखणं रक्तातून आलेलं असू शकेल. थोरला ज्ञानेश चाकणच्या कंपनीत फिटर. त्यानं शिफ्टमध्ये मोबाईलवर काहीबाही बघितलं आणि घरी येऊन भाबडेपणानं सांगितलं, "आई, पेशीत म्हणे बारीक वीजघरं असतात. ती फक्त आईकडून येतात."

झालं! रुक्मिणीबाईंना तेवढंच पुरलं. ओवीला दिव्याकडून आणि दिव्याला तिच्या आईकडून, म्हणजे सासवडहून आलेल्या त्या परक्या भावजयीकडून, कुसुमकडून. भावाचं रक्त स्वच्छ. त्यांनी करिष्माची सुपारी लांबणीवर टाकली आणि ज्ञानेशला बजावलं, "तिघांचं रगात तपासून घे. खोट हिच्यात निघाली तर हिला माणला सोडून ये. मी दुसरी बघते."

ज्ञानेशनं मान हलवली. आईसमोर तो कधीच बोलत नसे, आणि माझं म्हणाल तर अर्धं पाप या न बोलणाऱ्यांचंच असतं.

महिन्याभरानं रिपोर्ट आला. रुक्मिणीबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, निकाल ऐकायला, स्वतः दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर सना शेख शांतपणे बोलल्या. "वीजघरांतला थोडा भाग आईकडूनच येतो, हे खरं. पण बाकीचं बहुतेक सामान आईवडील दोघंही देतात, आणि ओवीत बिघाड त्या सामानात आहे. मूत्रपिंडात रक्त गाळणारी चाळणी असते. तिच्या पेशींना वीज तयार करायला क्यू-टेन नावाचा पदार्थ लागतो. ओवीचं शरीर तो पुरेसा बनवत नाही. तो बनवणाऱ्या जनुकाची एक बिघडलेली प्रत दिव्याकडून आली, एक ज्ञानेशकडून. एकच असेल तर माणूस ठणठणीत राहतो. दोन्ही आल्या की आजार होतो."

"माझ्या ल्येकाकडनं?"

"हो. आणि दोघांत अगदी तोच बिघाड आहे. तो तुमच्या माहेरातून आलाय, आजी. तुमच्यातून ज्ञानेशकडे, तुमच्या भावातून दिव्याकडे."

डॉक्टरला माहेरचं कुणी सांगितलं, म्हणून रुक्मिणीबाईंनी संशयानं दिव्याकडे पाहिलं. दिव्याने मान वर केली.

"सखूआत्याचं बाबांनी कधीतरी आईच्या कानावर घातलेलं, ते तिनं मला फोनवर सांगितलं, आत्या. मी ते डॉक्टरांना कळवलं. तुम्हाला सांगायची भीती वाटली."

सखू. रुक्मिणीबाईंची पाठची बहीण, सातव्या वर्षी अंग सुजून गेलेली. करणी झाली म्हणून घरानं तोंड शिवलं होतं. पुन्हा नाव काढलं तर बाकीच्यांची लग्नं जुळायची नाहीत, असं आईनं दम देऊन सांगितलं होतं.

"पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, घरात कुणी लहानपणी असं गेलंय का," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात. तेव्हाच कळलं असतं तर ही तपासणी आधी झाली असती. स्टिरॉइड या आजारात बहुधा चालत नाही. आता ते हळूहळू बंद करू आणि क्यू-टेनचा मोठा डोस सुरू करू. काही मुलांत प्रोटीन कमी होतं, किडनी टिकते. जितकं लवकर, तितकं बरं. ओवीला किती गुण येईल, हे मी आज सांगू शकत नाही."

सहा महिने. ते सहा महिने कुणी खाल्ले, हे रुक्मिणीबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना रडू आलं नाही, स्वतःची किळस आली.

पुढच्या रविवारी सगळे माणला गेले. चिमाजीला बातमी कळली होती आणि तो खुशीत होता.

"आक्का, कुसुमवरचा आळ गेला. आता अडतंय कुठं? करिष्माची सुपारी फोडून टाकू."

"न्हाई, चिमा."

"का न्हाई? गणराज धडधाकट हाय, माझी पोरबी धडधाकट हाय."

"ज्ञानेश धडधाकट न्हवता व्हय? दिव्या न्हवती? ह्या घरातली पोर ह्या घरात पुन्हा द्यायची न्हाई. दोघांचं रगात तपासा आन् दोघांस्नी बाहेरची स्थळं बघा." त्या कुसुमकडे वळल्या. "तुझ्या नावानं मी म्हयनाभर बोटं मोडली, कुसुम. माझं चुकलं."

कुसुमनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. माफ केलं, असं मात्र म्हणाली नाही.

चिमाजीचा आवाज चढला. "ठरलेलं मोडायचं? भावकी इचारंल. काय सांगू लोकांला?"

"सखूचं नाव सांग," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

पन्नास वर्षांत त्या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. चिमाजी खाली बसला. ओवीनं विचारलं, "सखू कोण, आजी?" आणि रुक्मिणीबाईंनी तिला जवळ घेऊन, सगळ्यांदेखत, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

वाचकहो, तुमच्याही घरात असं न घेतलेलं एखादं नाव असेल. सोयरीक ठरवण्याआधी ते घ्या.