गवती चहाचं तेल आणि चौथी केमो

मी पगार घेऊन पेशी मारतो. कॅन्सरच्या. ऐकायला भारी वाटतं, म्हणून घरी मी एवढंच सांगायचो. पेशी प्लास्टिकच्या छोट्या बशीत असतात, त्यांच्यावर गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकायचे, बशी उबदार कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी किती दगावल्या ते मोजायचं, हा तपशील मी गाळायचो.

घरी म्हणजे आत्याला. मला दुसरं कोणी नाही आणि तिलाही नाही. तिच्या छातीतल्या गाठीवर केमो चालू होती. तिला बरं वाटावं म्हणून मी फोनवर म्हणालो, "आमच्या तेलाने चोवीस तासांत सगळ्या साफ!"

आत्याने चौथी केमो घेतलीच नाही. हॉस्पिटलला कळवून टाकलं, "आमचं घरचं तेल येतंय." हे मला दहा दिवसांनी कळलं.

नेमकं त्याच दिवशी, जिच्यात आम्ही तेल टाकलंच नव्हतं त्या बशीतल्या पेशीही मेलेल्या निघाल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, अगदी निरोगी पेशी. तेलाची वाफ कपाटातल्या कपाटात पसरली होती.

"सगळ्या बश्या एकाच कपाटात कोणी ठेवल्या?" लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

खोलीत त्यांच्याशिवाय मी एकटाच होतो. तरी मी मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. तिने चमचा हातात घेऊनच दार उघडलं.

"आणलंस?"

"आत्या, ते तेल सगळ्यांनाच मारतं. चांगल्या पेशींनाही. भांड्यांचा साबण टाकला तरी मरतात. मी टाकून बघितलाय."

"कधी?"

"रविवारी. काही काम नव्हतं."

"साबणाने किती मेल्या?"

"सगळ्या."

"मग साबण पिऊ?"

"बशीत मारणं सोपं असतं गं. बशीला बाकीचं शरीर नसतं. तुला आहे."

"आहे थोडंफार," आत्या म्हणाली. "सहा महिन्यांत एवढंच शोधलंस?"

"मॅडम म्हणतात, पुढेमागे त्यातून औषध निघेलही. दहा-पंधरा वर्षांत."

"बरं. तोवर चमचा धुऊन ठेवते."

"थट्टा नको. गुरुवारी केमोला चल."

ती बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

"पाच तास खुर्चीत बसवतात," ती म्हणाली. "प्रत्येकीबरोबर कोणी ना कोणी असतं. नर्स विचारते, सोबत कोण? मागच्या खेपेला मी पर्सकडे बोट दाखवलं." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तेल असतं तर ते द्यायला तुला दर आठवड्याला यावं लागलं असतं."

सहा महिन्यांत मी तिच्याकडे एकदाही फिरकलो नव्हतो. पेशींकडे रविवारीसुद्धा जात होतो.

गुरुवारी रजा टाकली. डॉक्टरांनी उशिराबद्दल आम्हा दोघांना समसमान झापलं. केमोच्या खोलीत आत्याने नर्सला रुबाबात सांगितलं, "सोबत भाचा आहे." मी खुर्चीत टेकलो, तोच समोरच्या दोघींना एकदम मळमळायला लागलं. तिसरीने पदर नाकाला लावला.

"अत्तर कोणी लावलंय?" नर्सने हवेत हुंगत विचारलं.

"अत्तर नाही," मी म्हणालो. "संशोधन आहे."

तिने मला संशोधनासकट बाहेर काढलं.

काचेच्या दारापलीकडे एक बाक होता. बसलो. फोन वाजला.

"दिसतोयस," आत्या म्हणाली. "बावळट दिसतोयस."

"अंघोळ करून येऊ?"

"नको. हलू नकोस."

सुई टोचताना तिने हात नर्सकडे दिला आणि तोंड काचेकडे केलं. डोळे मिटले नाहीत.

"तुझ्या त्या पेशींना आज कोण बघतंय?"

"कोणी नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.