खेचर आधी चढलं

मित्रांनो, मी भयकथांच्या कॉमिकचा एक जुना अंक आहे. दिवसभर पेटीत पडून असतो, पण स्वस्थता म्हणाल तर नाही. कुणी पहिलं पान उघडलं की माझ्या पोटातली माणसं पुन्हा त्या अज्ञात दरीत उतरतात, आणि शेवटचं पान येईपर्यंत माझ्या जिवाला घोर लागतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. कागद हलका, शाई भडक, मुखपृष्ठावर जबडा वासलेला राक्षसी सरडा. ओहायोतल्या एका गावी औषधाच्या दुकानातून, जिथे गोळ्यांच्या बाटल्यांशेजारी आम्हीही विकायला असायचो, व्हर्जिल नावाच्या हडकुळ्या पोरानं मला घरी आणलं. त्याची धाकटी बहीण नॅडीन जमिनीवर पालथी पडून मला वाचायची. माझ्या गोष्टीत एक प्रोफेसर, त्याची मुलगी आणि त्यांचं काणं खेचर दरीत अडकतात. नॅडीनचा सगळा जीव त्या खेचरात. माणसांचं काय व्हायचं ते होवो!

पण ती शेवटाला पोचायच्या आत व्हर्जिलनं घात केला. शेवटच्या पानामागे हडकुळ्यांना पैलवान बनवण्याची जाहिरात होती, आणि तिचं कूपन कापून पाठवायचं होतं. त्यानं कात्री चालवली. कूपनाच्या पाठीवरचं माझ्या गोष्टीचं शेवटचं चित्रही लिफाफ्यातून निघून गेलं आणि माझ्या अंगाला चौकोनी भोक पडलं.

"अरे गाढवा, शेवटच कापलास!" नॅडीन किंचाळली. "सुटले का रे ते?"

व्हर्जिलनं शेवट वाचला होता. तो जरा घुटमळला. "सुटले की. तंबूच्या कापडाचा फुगा केला आणि उडाले."

"आणि खेचर?"

"खेचर तर आधी चढलं."

"शपथ?"

"शपथ! आता ते रडकं तोंड पूस."

खरा शेवट मला ठाऊक होता, पण मला तोंड कुठे होतं?

पुढे देशभर ओरड उठली की आमच्यापायी मुलं बिघडतात. गावच्या शाळेच्या अंगणात आमची होळी करायचं ठरलं. नॅडीनच्या आईनं घरातले सगळे अंक खोक्यात भरून तिच्याबरोबर पाठवले. मी तळाशी होतो. आगीची धग लागली तशी माझी पानं थरथरू लागली.

सगळे अंक टाकून झाले, मी तेवढा नॅडीनच्या हातात उरलो. तेवढ्यात तिला ढिगाच्या कडेला माझाच जुळा भाऊ दिसला, न कापलेला. तिनं झडप घालून त्याचं शेवटचं पान उघडलं. तिथे फुगा नव्हता. प्रोफेसर नव्हता, मुलगी नव्हती. चिखलात फक्त खेचराच्या गळ्यातली घंटा पडली होती, आणि मागे सरड्याचं शेपूट.

"नॅडीन, वाचत काय बसलीस? टाक ते!" वर्गाच्या प्रुइटबाई ओरडल्या.

तिच्या एका हातात तो होता, दुसऱ्या हातात मी. तो धडधाकट, मी भोकाचा. माझं काय होणार ते मला दिसतच होतं, मित्रांनो. पण तिनं त्याला आगीत भिरकावलं आणि मला कोटाच्या आत कोंबलं.

घरी येऊन तिनं वाणसामानाच्या पिशवीचा खाकी कागद कापला. त्यावर रंगीत खडूंनी फुगा काढला, आणि टोपलीत सगळ्यांच्या पुढे काणं खेचर. पिठाची खळ लावून तो तुकडा माझ्या भोकावर बसवला.

"असंच होतं ना रे?" तिनं व्हर्जिलला विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "अगदी असंच," तो म्हणाला. पैलवान तो काही कधी झाला नाही, ते जाऊ दे.

आता नॅडीनचे केस पांढरे झालेत. परवा जुने अंक विकत घेणारा एक जण आला होता. मला उलटसुलट करून म्हणाला, "बाई, हे ठिगळ काढतो, खरं चित्र छापून बसवतो, मग अंक कसा नव्यासारखा दिसेल बघा."

"हात तर लावून बघ!" नॅडीन कडाडली.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा, पण मला नीटनेटका करू नका. माझे जे भाऊ कुठे कुठे शिल्लक असतील, त्यांच्यात ती घंटा अजून चिखलात पडली आहे. माझ्यात मात्र खेचर घरी चाललं आहे.