दोराचे दोन हिसके

विहिरी खणायच्या धंद्यात आमचा एकच नियम होता. खाली माणूस असेपर्यंत वरच्याने दोर सोडायचा नाही. खालून दोन हिसके आले की रहाट फिरवायचा आणि त्याला वर घ्यायचं. पश्चिम कॅन्ससमध्ये पाणी ऐंशी-नव्वद फुटांवर लागतं. माझा मुलगा लायल सोळा वर्षांचा झाल्यावर तो खाली जाऊ लागला आणि मी वर राहिलो.

एकोणीसशे सोळाच्या नोव्हेंबरात माझ्या बायकोने, ऑर्फाने, राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदा मत दिलं. आमच्या राज्यात बायकांना तो हक्क नुकता मिळाला होता. युरोपात दोन वर्षं लढाई पेटलेली होती आणि पुन्हा निवडणुकीला उभा असलेला आपला राष्ट्राध्यक्ष त्यापासून लांब राहिला होता. तेवढं तिला पुरेसं होतं.

गँट्झचं दुकान हेच आमचं पोस्ट. त्याचा बाप जर्मनीतून आलेला. गँट्झने ऑर्फाला विचारलं, "कुणाला दिलंस मत?"

"पोरं घरी ठेवतो त्याला."

"आणि एनसने?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं.

"एनस बायकोचं ऐकतो. तूही शिक."

पाच महिन्यांनी त्याच राष्ट्राध्यक्षाने संसदेकडे लढाईची परवानगी मागितली. जर्मन पाणबुड्या आमची जहाजं बुडवत होत्या. आता बाजूला उभं राहून चालणार नाही, आणि पुढची शांतता नीट बांधायची तर आपण लढाईत असायला हवं, असं तो म्हणाला. गँट्झने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ऑर्फा काउंटरवर पीठ घेत होती.

"गँट्झ, दिलेलं मत परत मिळतं का रे?" तिने विचारलं.

गँट्झने पीठ तोलून दिलं. त्या आठवड्यात कुणीतरी, तो जर्मन म्हणून, त्याच्या दुकानाच्या दाराला पिवळा रंग फासला होता आणि तो काढायला त्याला दोन दिवस लागले होते.

सक्तीच्या सैन्यभरतीत लायलचा नंबर पहिल्याच यादीत निघाला. स्टेशनवर तो मला म्हणाला, "बाबा, तोंड कशाला पाडतोस? तुझ्या हातात दोर आहे ना? मी दोन हिसके देईन."

"अटलांटिकएवढा दोर कुठून आणू?"

"गँट्झकडून. उधारीवर."

गाडी निघेपर्यंत आम्ही तिघंही हसत होतो.

त्याची पत्रं ऑर्फा मला वाचून दाखवायची. मला अक्षरं येत नव्हती. पण पान दोन्ही बाजूंनी भरलेलं असायचं आणि तिचं वाचन मात्र लवकर संपायचं. मधलं काही ती गाळते हे मला कळलं. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी तिलाच म्हणालो, शिकव. तिने हिवाळाभर शिकवलं. मग मी जुनी पत्रं काढून गाळलेलं वाचलं. त्यात चिखल होता, आणि शेजारी झोपलेला पोरगा सकाळी उठला नाही हे होतं.

त्या उन्हाळ्यात दुकानात एक पिंप ठेवलं होतं. पीच खाल्लं की बाठ त्यात टाकायची. बाठींचा कोळसा करून विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत भरत. ऑर्फा शेजाऱ्यांच्या ताटांतल्या बाठीसुद्धा मागून आणायची.

अकरा नोव्हेंबरला लढाई थांबली. चर्चची घंटा दुपारपर्यंत वाजत होती. मीसुद्धा घंटेचा दोर ओढला. नऊ दिवसांनी तार आली. लायल सप्टेंबरच्या शेवटी फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात पडला होता. म्हणजे मी घंटा वाजवली तेव्हा त्याला पुरून सहा आठवडे झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात सरकारकडून एक कार्ड आलं. मुलाचा देह घरी आणायचा का? हो किंवा नाही लिहा. मुलाचं लग्न झालेलं नसेल तर आधी बापाचा शब्द, मग आईचा.

"हो लिही," ऑर्फा म्हणाली.

मी लगेच लिहिलं नाही. राष्ट्राध्यक्ष तेव्हा फ्रान्समध्ये तह करत होता. सगळे देश एकत्र बसतील आणि पुन्हा अशी लढाई होऊ देणार नाहीत, असा संघ त्याने त्या तहात घातला होता. तिथल्या आपल्या पोरांच्या थडग्यांपाशी उभं राहून तो बोलला, तेही मी वाचलं होतं, स्वतः. मला वाटलं, ही पोरं तिथे असली तर कुणालाही शब्द मोडायची लाज वाटेल. मी कार्डावर 'नाही' लिहिलं आणि सही केली. मी लिहिलेला तो पहिला सरकारी कागद.

ऑर्फाने तो वाचला. "तू त्याला खाली सोडलंस, एनस," ती म्हणाली, "आणि रहाट सोडून निघून आलास."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष त्या तहासाठी गावोगाव भाषणं देत फिरत होता. वॉशिंग्टनमधले सिनेटर तह मानायला तयार नव्हते. तो विचिटाला येणार म्हणून आम्ही आदल्या दिवशी निघालो. ऑर्फाने उकडलेली अंडी घेतली होती आणि ठेवणीतली टोपी घातली होती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "त्याने पटवलं तर मी कार्डाचं बोलणार नाही."

त्याची गाडी शहराबाहेरच थांबली. लोक पायी तिकडे गेले, आम्हीही गेलो. डब्याचे पडदे ओढलेले होते. थोड्या वेळाने कळलं, तो आजारी आहे, भाषण नाही. गाडी निघून गेली.

"बरं नाही गं त्याला," मी म्हणालो.

"मला तरी कुठे बरं आहे? मी आले ना."

अंडी तशीच परत आणली.

नोव्हेंबरात सिनेटने तह नाकारला आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा. गँट्झने बातमी दोनदा वाचली. "संघ झालाय," तो म्हणाला, "फक्त आपणच त्यात नाही."

"आपल्याच माणसाने काढलेला ना?" मी विचारलं.

"हो."

"मग लायल तिथे कशाची राखण करतोय?"

गँट्झने चष्मा काढून पुसला. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच काउंटरवर लिहायला बसलो. 'माझं उत्तर चुकलं होतं. मुलगा परत द्यावा.' एवढ्याला तासभर लागला. गँट्झ म्हणाला, कारण लिही. मी म्हणालो, त्यांना कारण माहीत आहे.

उशीर झालाय असं उत्तर आलं असतं तर मी ऑर्फासमोर कसा राहिलो असतो, सांगता येत नाही. आठ महिने काहीच आलं नाही. तिला मी पत्राचं सांगितलं नव्हतं. मुलगा पाठवतो असं उत्तर आल्यावर कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला, घडी केली, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझ्या कॉफीत स्वतः साखर घातली.

एकवीस साली उन्हाळ्यात पेटी आली. बरोबर एक शिपाई होता. पेटी उघडू नका, तो म्हणाला.

"तोच आहे कशावरून?" ऑर्फाने विचारलं.

त्याने कागद दाखवला. त्यावर लायलचा सैन्यातला नंबर होता.

पेटी कबरीत उतरवायला मी विहिरीचे दोर नेले होते, आमच्याकडे तेच सगळ्यांत मजबूत होते. चौघांनी ती खाली सोडली. बाकीच्या तिघांनी टोकं सोडून दिली. माझ्याच्याने सुटेना.

"एनस," गँट्झ हळूच म्हणाला, "टेकली खाली."

"माहीत आहे."

पाद्री थांबला. लोक जमिनीकडे बघत उभे राहिले. ऑर्फा माझ्याजवळ आली. ती सोड म्हणाली नाही. माझ्या हाताच्या खाली तिने दोर धरला आणि माझ्यासारखीच, खालून काही येतंय का ते बघत राहिली.

मग तिने माझी बोटं एकेक करून सोडवली.