मन्मथने दाखवलेलं लातूर

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात निवृत्ती सोनकांबळेची बायको पंचफुला उमरीहून लातूरला आली. नव्या कचेरीत निवृत्ती कारकून होता. खोली मिळेना म्हणून दिवाळीपासून व्हरांड्यात झोपत होता. पंचफुलाला दिवस गेलेले. गावच्या विहिरी आटल्या होत्या, नदीत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरावं लागे. शेवटी सासूच म्हणाली, "जा बाई, तिथं निदान नळ तरी आसंल."

शेजारच्या टेबलावर मन्मथ बसायचा. लातूरचाच. तो आपणहून म्हणाला, "रविवारी मी मोकळाच हाव. वहिनीला आख्खं लातूर पायी फिरवतो. गाव बी बघणं होईल, खोली बी भेटंल."

निवृत्तीला त्याचे उपकार वाटले.

सकाळी गंजगोलाईपासून सुरुवात झाली. मधोमध गोल इमारत आणि चहूबाजूंनी फुटलेले रस्ते बघून पंचफुला जागीच उभी राहिली. मन्मथ हौसेनं सांगत होता, ही सराफ लाईन, ही कापड लाईन, तिकडं भुसार. तिनं दुकानातली लुगडी लांबूनच बघितली. लातूर तिला आवडलं.

कापड लाईनच्या मागं पहिली खोली होती. घरमालकिणीनं पंचफुलाचं पोट बघून तिला बसायला पाट दिला, चहा टाकला. "कितवा म्हैना?" विचारलं, माहेर विचारलं. मग आडनाव विचारलं. निवृत्तीनं सांगितलं. बाई आत गेली. चहा आलाच नाही. थोड्या वेळानं तिचा मालक बाहेर आला आणि म्हणाला, "आमचा पुतण्या येणार हाय राहायला."

मन्मथ दारात उभा राहून रस्ता बघत होता.

"चला," तो म्हणाला. "लातूर का एवढंच हाय?"

मग खडक हनुमान, मग खोरी गल्ली. तिथं पाण्याची अडचण निघाली. पुढं सिद्धेश्वराचं देऊळ लागलं. मन्मथ आत जाऊन निवांत दर्शन घेऊन आला, तोवर हे दोघं बाहेर उन्हात थांबले. देवळामागच्या घरात खोली नुकतीच दिलेली निघाली, कुलूप मात्र दाराला तसंच होतं. पंचफुलाचे पाय सुजले होते. चप्पल हातात घेऊन ती चालायला लागली, तर डांबर भाजायला लागलं. तिनं चप्पल परत घातली.

"दुसरं आडनाव सांगा की," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "आज एक दिवस."

निवृत्ती तसाच पुढं चालत राहिला. तिच्या पायांकडं बघून मात्र त्याचा धीर सुटला. औसा रोडच्या पुढच्या घरात म्हाताऱ्यानं नाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देशमुख."

म्हाताऱ्यानं मान हलवली. खोली उघडून दाखवली. लहानशीच, पण फरशी होती, मोरी होती, खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं. पंचफुला भिंतीला टेकून खाली बसली. चूल कुठं मांडायची ते ती बघत होती. म्हाताऱ्यानं किल्ली पुढं केली.

"आमच्या साहेबांना गमतीची लई सवय," मन्मथ हसत म्हणाला. "कशाचे देशमुख, आबा. सोनकांबळे हायत हे."

म्हाताऱ्यानं किल्ली परत कनवटीला खोचली. पंचफुला उठेपर्यंत तो दाराशी उभा राहिला आणि ती उठल्यावर, ती बसली होती तिथली फरशी बघून घेतली.

रस्त्यावर निवृत्ती म्हणाला, "मन्मथराव, गप बसला आसता तर काय बिघडलं आसतं?"

"उद्या त्याला कळलं आसतं तर? माझं नाव खराब. मला ह्या गावात राहायचं हाय."

उन्हं कलली तशी पंचफुलाला भोवळ आली. एका घराच्या पायरीवर ती बसली. "हितं नको, पुढं चला," मन्मथ घाईनं म्हणाला. तेवढ्यात आतून एक बाई तांब्या घेऊन आली. तिनं पंचफुलाच्या ओंजळीत पाणी ओतायला सुरुवात केली आणि मन्मथकडं बघून म्हणाली, "खोली बघायला आणलं व्हय ह्यांना? बरं झालं. मागची खोली किती दिस झाले रिकामीच हाय."

ती मन्मथची बायको होती, नीलाबाई.

"नीला, हे सोनकांबळे," मन्मथ म्हणाला.

धार थांबली. पंचफुला ओंजळ तशीच धरून राहिली. नीलाबाई तांब्याकडं बघत होती, उरलेल्या पाण्याचं काय करावं ते तिला कळेना. मग तिनं ते उंबऱ्याबाहेर ओतून टाकलं. त्या उन्हाळ्यात लातूरला आठवड्यातून एकदा पाणी यायचं.

"वाईट वाटून घिऊ नका," मन्मथ म्हणाला. "वहिनीला गाव बघायचं होतं. दाखवलं की नाही सगळं?"

पंचफुला संध्याकाळच्या नांदेड गाडीनं परत गेली. बस हलेपर्यंत तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही.

सोमवारी डबे खाताना मन्मथनं कचेरीला सगळी हकिकत रंगवून सांगितली. चहा टाकून आत गेलेली बाई, कनवटीला किल्ली खोचणारा म्हातारा, सगळ्यांच्या नकला केल्या. 'देशमुख' म्हणताना त्यानं निवृत्तीसारखी मान खाली घातली. आपल्या घराचं तेवढं गाळलं. लोक पोट धरून हसत होते. शेजारच्या टेबलावर निवृत्ती भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. सगळे आपल्याकडंच बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा तोही थोडा हसला.