पहिली दहा मिनिटं

वामनरावांनी गाडी फारूकच्या गॅरेजसमोर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. उतरून बॉनेट उघडलं, दांडी लावली आणि हाताची घडी घालून ते बाजूला उभे राहिले.

"ऐक," ते म्हणाले.

बारा वर्षांत फारूकशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. सरकारी जीपवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या वामनरावांनी एकेकाळी सगळ्या अहेरीभर सांगितलं होतं, की फारूक जुनी बॅटरी नवी म्हणून बसवतो. ते खरं होतं की खोटं, हे आता त्यांनाही नीट आठवत नव्हतं. पण बोललेलं मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आज त्यांना इथे आणलं होतं ते बायकोने. मनकर्णा पदर नाकाला लावून उतरली आणि गॅरेजच्या बाकावर जाऊन बसली. दोन महिने ती एकच सांगत होती, गाडीत बसलं की डोकं फुटतं, मळमळतं. नागभीडला मुलीकडे निघालेले दोघे दोनदा अर्ध्या वाटेतून परतले होते. दुसऱ्यांदा परतल्यावर वामनरावांनी मुलीला, दिव्यानीला, फोनवर सांगून टाकलं, तुह्या आईले याचंच नाई, नाटकं करते. तेव्हापासून दिव्यानीने आईला फोन केला नव्हता.

वामनरावांचा नेहमीचा मेकॅनिक लटारू. तो गाडी ठणठणीत आहे म्हणाला, तेव्हा मनकर्णा म्हणाली, "तो तुमच्या तोंडाकडे पाहून बोलते. फारूककडे चला." वामनराव लगेच तयार झाले. दुश्मनानेच गाडीला पास केलं, म्हणजे विषय कायमचा मिटला.

फारूकने कान लावला. इंजिनाभोवती हात फिरवला.

"आता तं कायी नाई," तो म्हणाला.

"ऐकलं?" वामनराव बाकाकडे वळले. "तुह्याच माणसानं सांगतलं."

फारूकने तिच्याकडे पाहिलं.

"बाई, दुखाले केव्हा लागते? चालता चालता?"

"नाई. गाडी हलाच्या आंधीच."

"उभ्या गाडीत," वामनराव हसले. "घ्या."

फारूकने आत हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

"थंडी होऊ द्या. चार घंटे लागतीन."

"तुले टाइमपास कराचा हाय."

"तं घेऊन जा."

आता घेऊन जाणं म्हणजे हरणं. वामनराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. जानेवारीचं ऊन पायावरून सरकत राहिलं. दुपारी चहा आला. फारूकने एक कप मनकर्णाला दिला, दुसरा स्वतः घेतला. वामनरावांनी आपल्याला चहा नकोच होता असं स्वतःला सांगितलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

चार वाजता फारूकने इंजिनाला हात लावून पाहिला आणि गाडी सुरू केली. चट् चट् चट् चट्, बारीक पण पक्का आवाज.

"टॅपेट हाय," वामनराव लगेच म्हणाले. "वाल्वचा आवाज, रोज सकाळी वाजते. तापली का बंद."

मनकर्णाने मान वर केली. "रोज वाजते?"

वामनरावांनी खांद्यावरचं फडकं नीट केलं.

फारूकने इंजिनावरचा पत्रा खोलला. सायलेन्सरकडे धूर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला बोल्टांनी आवळलेला असतो, तिथे काचेकडच्या टोकाला काजळी फासली होती. एक बोल्ट तुटला होता. फारूकने तिथे अगरबत्ती धरली. तिचा धूर झटक्याझटक्याने मागे फेकला गेला आणि समोरच्या काचेखालच्या जाळीत शिरला.

"टॅपेट काजळी नाई फेकत," तो म्हणाला. "बीड तापलं का फुगते, फट बुजते. इंजिन थंडं असलं का सगळा धूर या जाळीतून अंदर." मग हात पुसत त्याने विचारलं, "भाऊ, तुमी गाडीत केव्हा बसता?"

"तापल्यावर. दहा मिनिटं." वामनरावांचा आवाज अजून ताठ होता. "तोवर बाहेरून काच पुसतो. अठ्ठावीस वर्षं थंडी गाडी हलवली नाई मी."

"अन् बाई?"

"मले पयले बसवते," मनकर्णा म्हणाली. "काचा लावून. ऐनवक्ती धावपळ नाई पाहिजे म्हणते."

फारूक खाली वाकला. तुटलेल्या बोल्टावर नट वेल्ड करून त्याने तो फिरवून बाहेर काढला, जागा खरवडली, फट बंद ठेवणारी नवी गॅस्केट बसवली आणि मधल्या बोल्टापासून सुरुवात करत एकेक आवळत गेला. वामनराव न सांगताच टॉर्च धरून उभे होते. एरवी त्यांनी दहा सूचना केल्या असत्या. आज त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

"ते बॅटरीचं," ते हळूच म्हणाले, "तेव्हा मी..."

"टॉर्च हलवू नका," फारूक म्हणाला.

सगळं आवळून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. वामनरावांनी सवयीने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. मनकर्णा उठली, तिने डावीकडचं, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि ती तिथेच उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली.

"मी?"

"काचा लावा. दिव्यानीले फोन लावा. दहा मिनिटं हायेत."

त्यांनी फारूककडे पाहिलं. फारूकने ड्रायव्हरच्या बाजूने चावी फिरवली आणि दार लावून घेतलं. वामनराव बायकोच्या जागेवर बसले. मनकर्णाने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि दार ढकललं.

चट् नव्हतं. गाडी दुरुस्त झाली, हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. हात दाराच्या कडीकडे गेला. बाहेर मनकर्णा समोरची काच एका कोपऱ्यापासून सावकाश पुसत होती. ती आत पाहत नव्हती. त्यांनी हात मागे घेतला आणि फोन लावला.

"बोला बाबा," दिव्यानी म्हणाली. "आई अजून नाटकंच करून राह्यली का?"

"नाई," वामनराव म्हणाले. पुढचं वाक्य सापडेपर्यंत अर्धी काच पुसून झाली होती.