टाचणीची बाही

आमच्या स्काउट पथकात बिल्ला ज्याचा त्यानं शिवायचा. हा नियम कुणी केला ते आता कुणालाच आठवत नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. एखादी परीक्षा पार पडली, म्हणजे पोहण्याची म्हणा, जखमेवर पट्टी बांधण्याची म्हणा, की कापडाचा छोटा गोल बिल्ला मुलाच्या तळहातावर येतो आणि सोबत सुईदोरा. आई नाही, ताई नाही, कोपऱ्यावरचं दुकान नाही. त्यामुळे आमच्या मुलांच्या बाह्या बघण्यासारख्या असतात. कुणाचा बिल्ला तिरका, कुणाचा डोक्यावर उभा, कुणाचा नुसता दोऱ्यांचा गुंता आणि मधोमध कुठेतरी बिल्ला. शिबिरात इतर पथकं आमच्याकडे बघून हसतात. हसू देत.

आम्ही दर शनिवारी जमतो ते अग्निशमन केंद्रामागच्या हॉलमध्ये. घंटा वाजली की मुलं खेळ अर्धा टाकून खिडकीशी धावतात, बंब बाहेर पडताना डोळे भरून बघतात आणि मग परत येऊन ‘राज्य कुणावर होतं’ यावरून भांडतात. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी हेच करते. मुलं मला अजून बाईच म्हणतात.

अशाच एका शनिवारी टेलरमास्तर आपल्या मुलीला घेऊन आले. गळ्यात टेप तशीच, शर्टाच्या कॉलरखाली दोरा ओवलेली सुई खोचलेली. बाजाराच्या टोकाला गणवेश शिवण्याचं दुकान नुकतंच उघडलं होतं, ते यांचं.

“ही आमची टाचणी,” ते म्हणाले. “खरं नाव कागदावर लिहितो, पण त्या नावानं हाक मारलीत तर ही मान वर करणार नाही.”

“टाचणी का बरं?”

“जन्मली तेव्हा एवढीशी होती. आणि टोचते.”

“मी नाही टोचत,” मुलगी म्हणाली.

“बघा!”

मुलगी आठ-नऊ वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र एका जागी न ठरणारे. दोरखंड कुठे टांगलेत, तंबूच्या काठ्या कुठे ठेवल्यात, सगळं तिनं उभ्या उभ्या बघून घेतलं. ती तिकडे गुंतल्यावर मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, धंद्यापायी आमचं सारखं बिऱ्हाड पाठीवर. हिच्या शाळा बदलून बदलून झाल्या. नव्या शाळेत हिचं कुणाशी जमेना. डबासुद्धा एकटीच खाते. दुकानाच्या माडीवरून तुमचं अंगण दिसतं. दर शनिवारी बघत बसायची. परवा म्हणाली, मला तिथं घाल. बाई, या पोरीनं तोंड उघडून काही मागितलं ते हे पहिलंच.”

मी मुलीला जवळ बोलावलं. “तुला काय काय येतं गं?”

“शिट्टी.”

“वाजव बघू.”

तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी फुंकली की शेजारच्या केंद्रातले दोन जवान धावत दारात आले.

“नाव घातलं,” मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी तिनं सगळ्यांसमोर वचन म्हणायचं, गळ्यात स्कार्फ घालून घ्यायचा आणि सभासदाचा पहिला बिल्ला घ्यायचा असं ठरलं. मी दोरखंड आत ठेवायला गेले तेवढ्यात मास्तरांनी दाराशी उभ्या असलेल्या भोंग्याला विचारलं, “बाळा, तुमचा गणवेश कसा असतो?”

भोंगा हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा आवाज. कानात सांगायची गोष्टसुद्धा तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी सांगतो. “बाहेर काचेत कॅप्टनताईचा फोटो आहे ना काका, तस्सा!”

कॅप्टनताई ही आमच्या पथकातली सगळ्यात थोरली मुलगी, फोटोत तिची अख्खी बाही बिल्ल्यांनी भरलेली. मास्तर बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी तळहातावर काही टिपूनही घेतलं. मला वाटलं, कॉलरचं माप घेत असतील.

पुढच्या शनिवारी बापलेक आले ते वेळेच्या आधीच. गणवेश असा, की मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नाही. खांदा जिथल्या तिथे, इस्त्रीची घडी बोटाला कापेल अशी. आणि उजव्या बाहीवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, बिल्ले. पोहण्याचा, पट्टी बांधण्याचा, चूल पेटवण्याचा, रात्री तारे ओळखण्याचा, तुकडीच्या नायकाचा. विकतचे नव्हते. फोटोत दिसतात तसे मास्तरांनी हातानं भरले होते, आणि आमच्या खऱ्या बिल्ल्यांपेक्षा कितीतरी सुरेख. आमच्या पोहण्याच्या बिल्ल्यावरचा मासा बटाट्यासारखा दिसतो. हा मासा आता शेपटी हलवेल असा होता.

मी पुढे होऊन काही बोलण्याआधीच भोंग्यानं तोंड उघडलं.

“अरे! ही तर आल्या आल्या कॅप्टन झाली! चला रे, ओळीत उभे राहा! सलाम ठोका!”

आणि कारटी खरंच ओळीत उभी राहिली. खाडकन सलाम. टाचणीचा चेहरा फुलला. मागे दारात मास्तर नकळत ताठ उभे राहिले, त्यांनी टेप नीट केली. त्यांना तो सलाम खराच वाटला होता.

“कॅप्टन, नदी पोहून गेलात का?” ओळीतून कुणीतरी विचारलं.

“मला पोहता येत नाही,” टाचणी खरं तेच बोलली.

“मग तारे दाखवा!”

“दिवसा?” तिनं विचारलं, आणि सगळे खो खो हसले. तेव्हा तिला कळलं. तिनं एकदा स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, एकदा समोरच्या बाह्यांकडे, त्या वेड्यावाकड्या एक-दोन बिल्ल्यांकडे. मग तिनं डावा हात उजव्या बाहीवर दाबून धरला आणि दाराकडे चालू लागली. बापाजवळून जाताना ती थांबलीसुद्धा नाही. मास्तर एकदा माझ्याकडे, एकदा तिच्या पाठीकडे बघत राहिले आणि मग तिच्या मागे धावले.

मी मुलांना ओरडले नाही. गोल करून बसवलं आणि विचारलं, “त्या काकांना फोटो कुणी दाखवला?”

भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बसलेला मी ऐकला. “मी.”

दोन दिवस गेले. माडीच्या खिडकीला पडदा ओढलेला. मग एका दुपारी मी भोंग्याला स्काउटचा शर्ट घालायला लावून त्याच्या घरून उचललं आणि दुकानाकडे निघाले.

“बाई, मी काय बोलू?” वाटेत तो विचारत होता.

“तुला नेहमी सुचतं तेच. फक्त हळू.”

दुकान म्हणजे एक लांबडी खोली. भिंतीला दंडाळीवर हॉटेलच्या दरवानांचे कोट, बँकेच्या पहारेकऱ्यांचे शर्ट. मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल आणि त्याच्या खाली, कापडाच्या चिंध्यांत, दोन पाय दिसत होते.

“दोन दिवस तिथेच बसते,” मास्तर म्हणाले. “शाळेतून आली की थेट टेबलाखाली. माझ्याशी अबोला. बिल्ले उसवतो म्हणालो तर शर्ट हिसकावून घेतला.” त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उभेच राहिले. “माझ्या हातून घाण झाली, बाई. पण मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पहारेकरी येतो, माप देतो, खांद्यावरची पट्टी, छातीवरचा बिल्ला सगळं मी लावून देतो, दुसऱ्या दिवशी तो कामावर रुजू. पट्टी नसेल तर त्याला दारातून परत पाठवतात. मला वाटलं, माझी पोर अर्ध्या गणवेशानं गेली तर तिला आत घेणार नाहीत.”

मी टेबलाच्या पायांना उद्देशून बोलले, कारण माझे गुडघे काही खाली जाऊ देत नाहीत. “टाचणे, ऐकलंस ना?”

टेबलाखालचा एक पाय दुसऱ्यावर चढला.

“भोंग्या, जा खाली.”

तो रांगत आत घुसला. आता चार पाय दिसू लागले. मग भोंग्याची कुजबुज ऐकू आली. म्हणजे सगळ्या बाजाराला ऐकू गेली.

“माझं चुकलं.”

“जा.”

“फोटो मीच दाखवला होता.”

“माहितीये. जा ना.”

“थांब ना, एक सांगतो. माझा पहिला बिल्ला मी शिवला ना, तर बाहीच्या दोन्ही बाजू एकत्र शिवल्या. बाही बंद! शनिवारी शर्ट घालायला गेलो तर हात आतच जाईना. एक हात बाहेर आणि एक पोटाशी असा पकडापकडी खेळलो. कॅप्टनताईला इतकं हसू आलं की ती दाराआड जाऊन बसली.”

टेबलाखालून फुस्स असा आवाज आला. हसू दाबल्याचा.

“खोटं,” टाचणी म्हणाली.

“हे बघ, अजून भोकं आहेत. आणि हा बिल्ला उलटा आहे, दिसतोय का? चूल खाली पेटलीय.”

आता मास्तरांनाही राहवेना. ते वाकून भोंग्याची बाही बघू लागले आणि कळवळले, जणू कुणाचं हाड मोडलं होतं. “अरे अरे! बाळा, बाहेर ये. काढ शर्ट. दोन मिनिटांत सरळ करतो.”

“मास्तर,” मी म्हणाले, “हात लावायचा नाही.”

“अहो पण बाई, हे बघवत नाही!”

“नाही बघवलं तरी चालेल. आमच्याकडे ज्याचं त्यानं शिवायचं. सगळ्यांनी.”

टेबलाखालून टाचणीचं डोकं बाहेर आलं. केसांत चिंध्या. “सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

“पण मला शिवता येत नाही,” ती म्हणाली. बापाकडे बघून, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि चांगली टोचेल अशी बोलली: “हा मला सुईला हातच लावू देत नाही. बोटात जाईल म्हणतो. कात्री नको, मशीन नको. सगळं हाच करून ठेवतो. मग सगळे हसतात मला.”

मास्तरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. सुईनं टोचून टोचून टोकं दगडासारखी झालेली बोटं. “माझी झाली तशी तुझी होऊ नयेत,” इतकंच ते म्हणाले.

“मी थोडीच टेलर होणारे? मी स्काउट होणारे.”

हे ऐकून मी उठले. माझं काम झालं होतं. जाता जाता म्हणाले, “शनिवारी वचन आहे. बाहीवर काही नको. यायचं की नाही, ते टाचणीनं ठरवायचं.”

शनिवारपर्यंत जिवाला स्वस्थता नव्हती, हे कशाला लपवू? भोंगा तर आल्यापासून दारातच उभा होता. हॉल भरला, रांगा लागल्या, तरी त्या दोघांचा पत्ता नाही. मग बाहेरून ओळखीची शिट्टी ऐकू आली आणि रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

तोच शर्ट, तीच इस्त्री. बाही मोकळी. पण जवळ आल्यावर दिसलं, बाहीभर बारीक बारीक भोकांचे गोल उमटले होते, जिथे जिथे बिल्ले होते तिथे. एका जागी कापडही जरा फाटलं होतं. आणि टाचणीच्या बोटांना दोन पट्ट्या.

“तिनं स्वतः उसवले,” मास्तर माझ्या कानाशी म्हणाले. “मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बघणं शक्य नव्हतं. नवी बाही लावून देतो म्हणालो तर म्हणते, राहू दे भोकं, कुठे काय लावायचंय ते कळेल.”

टाचणीनं वचन म्हटलं. मधे एक ओळ विसरली, तर भोंग्यानं ती सांगितली आणि ती केंद्रातल्या जवानांनीही ऐकली. मी स्कार्फ घातला. कॅप्टनताईनं सभासदाचा बिल्ला आणि सुईदोरा तिच्या हातावर ठेवला. ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि जीभ बाहेर काढून शिवू लागली. मास्तर समोरच्या बाकावर. त्यांचे हात इतके शिवशिवत होते की शेवटी त्यांनी ते मांडीखाली दाबून घेतले.

बिल्ला लागला. तिरका, एक कड मोकळी. मुलांनी जवळ येऊन बारकाईनं पाहणी केली आणि पसंतीच्या माना डोलावल्या. मग खेळ सुरू झाला.

पकडापकडीत कुणाच्या तरी हाताला बाही लागली आणि बिल्ला एका दोऱ्यावर लोंबू लागला. मास्तर बाकावरून अर्धे उठले. टाचणी धावत त्यांच्याकडेच आली. धापा टाकत होती, गाल लाल, आणि मागून सगळे ओरडत होते, “टाचणे, लवकर! राज्य तुझ्यावर!”

“बाबा, सुई दे.”

त्यांनी कॉलरखालून सुई काढली. नेहमीसारखी दोरा ओवलेली. तिच्यापुढे केली आणि मधेच थांबले. मग त्यांनी दोरा ओढून सुईबाहेर काढला, सुई तिच्या एका हातात दिली आणि दोरा दुसऱ्यात.