पिंपळाच्या कुंडीतला सेन्सर

सेन्सर सापडत नव्हता. म्हणजे तो धम्मशीलेच्या डोळ्यांपुढे, दारापुढच्या ओट्यावरच्या कुंडीत चांगला मातीत रोवलेला होता. मोबाइलला तेवढा सापडत नव्हता. 'उपकरण जवळ आणा,' असं मोबाइल सांगत होता. तिनं मोबाइल सेन्सरला टेकवला. 'उपकरण जवळ आणा.'

"आता तुया तोंडात घालू का त्याले?" ती मोबाइलवर खेकसली.

धाड गावातल्या त्या घरात दिवे, पंखे, टाकीची मोटार, सगळं एका पांढऱ्या डब्याला जोडलेलं होतं. ही हौस तिच्या नवऱ्याची, संघर्षची. तो नोकरीला पुण्यात आणि त्याची हौस निस्तरायला ही इथे. लाइट गेली की डबा सगळं विसरायचा, आणि लाइट तर रोजच जायची. आता त्याच डब्याला हा ओलावा मोजणारा सेन्सर जोडायचा होता. माती सुकली की सेन्सर डब्याला सांगणार, डबा बादलीतला छोटा पंप सुरू करणार आणि रोपाला पाणी मिळणार. संघर्षनं फोनवर हे असं सांगितलं होतं, जणू चहाच टाकायचा आहे.

"रीसेट करून पाह्यलं का?" त्यानं विचारलं.

"सकाळपासून तेच करून राह्यली मी. तुमीच या अन् करा."

"वायफाय बंद करून चालू कर ना."

तिनं फोनच बंद केला. शेवटी आतल्या खोलीतला डबा उचलून ओट्यालगतच्या खिडकीत आणून ठेवला, तेव्हा कुठे स्वारी जोडली गेली. तोवर तिच्या रविवारचं मातेरं झालं होतं.

दुसरं कुठलं रोप असतं तर तिनं हा ताप डोक्याला लावून घेतलाच नसता. विहारापुढचा पिंपळ रस्ता रुंद करताना तोडला होता. तो तिच्या सासऱ्यांनी, कचरूबाबांनी, तरुणपणी लावलेला. ते गेले आणि मागोमाग झाडही गेलं. लोकांनी त्याच्या फांद्या नेऊन जमेल तिथे खोचल्या. त्यातली ही एकच जगली. अशोक विजयादशमीला ती विहाराच्या नव्या जागेत लावायची होती. विहार कमिटीचे किसनराव कुंडी घेऊन स्वतः आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी सायन्सच्या. हे मेलं तं त्या झाडाचं काईच उरत नाही पाहा." मॅडम बुलढाण्याला कॉलेजात शिकवायच्या. सकाळची एसटी, यायला अंधार. सासूबाई, भिमाबाई, घरी असत. पण त्यांना पाणी घाला म्हणून सांगितलं तर किती घालतील याचा भरवसा नव्हता. म्हणून तर सेन्सर.

पहिल्याच दिवशी सेन्सर म्हणाला, ओलावा नव्वद टक्के, पाणी जास्त झालं. पंप तर एकदाही चालला नव्हता. वर पत्रे, त्यामुळे पावसाचा थेंब आत यायचा प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी तेच. पुढचा आठवडाभर तेच. आणि इकडे पानं पिवळी पडू लागलेली.

"झाड तहानेनं मरून राह्यलं अन् हे म्हणते पाणी जास्त झालं," ती संघर्षला म्हणाली. "थापाड्या आहे हा सेन्सर."

"मंग त्याले शिकवा लागते. अॅपमधी कोरडी माती म्हणून बटन आहे. ते दाब."

तिनं कुंडीतल्या मातीत बोट घालून पाहायला हवं होतं. पण संतापलेल्या माणसाला एवढं साधं सुचत नाही. तिनं बटन दाबलं आणि त्या मुकाट यंत्राला बजावलं, की जिला तू ओली म्हणतोस ना, तिलाच कोरडी म्हणतात. यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्याच दिवसापासून पंप सकाळ-संध्याकाळ घुरघुरू लागला. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

कॉलेजला सुटी होती त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच वेळेवर घरी होती. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता आणि रविवार सोडून रोज त्यांच्या ओट्यावर ग्रंथवाचन व्हायचं; एरवी तिची एसटी येईपर्यंत ते आटोपलेलं असे. बाया आल्या, भिमाबाईंनी पाणी दिलं. रुखमाबाईंनी दोन घोट घेतले आणि उरलेलं, बोलता बोलता, न बघता कुंडीत ओतलं. मग महामायेनं ओतलं. मग तिच्या सुनेनं. धाडला नळ आठवड्यानं येतो. पेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतणारा माणूस तिथे जन्माला यायचा आहे. ते दारातल्या झाडालाच जातं.

धम्मशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचन संपेपर्यंत तिनं कशीबशी कळ काढली. बाया पायरी उतरल्या न उतरल्या तोच ती सासूवर उसळली, "आई! रोज चालते काय हे? बुडवून मारलं तुमी सगळ्यांनी त्याले!"

भिमाबाई थंडपणे पेले गोळा करत होत्या. "उरलेलं पाणी फेकून देऊ का मंग? तुया सासऱ्यानं ते झाड असंच मोठं केलं. दुष्काळ व्हता. विहारात येईन त्याच्या पेल्यातलं पाणी ते झाडाले घाले. अन् तू काय करतं? एसटीतून उतरली का बाटलीतलं उरलेलं कुठी ओततं?"

धम्मशीलेनं कुंडीकडे पाहिलं. ती रोज तिथेच ओतत होती. दमून आलेली असायची, चप्पल काढता काढता बाटली उलटी करायची. हात आपोआप जायचा.

"पण मले एक सांग," भिमाबाई म्हणाल्या, "मले तं काई मालूम नव्हतं. तुया फोनले मालूम व्हतं ना? तो पहिल्या दिसापासून सांगून राह्यला, पाणी लय झालं. तू त्याले काऊन खोटं पाडलं?"

धम्मशीलेनं पंपाची वायर उपटली, कुंडी आडवी केली. माती चिखल झालेली, मुळं काळी, आंबूस वास. रडूच फुटलं तिला. भिमाबाई गुडघे धरत खाली बसल्या, ते लिबलिबीत एक एक मूळ चिमटीनं तोडत गेल्या आणि मधली दोन-तीन पांढरी मुळं त्यांनी सुनेला दाखवली. दोघींनी मिळून कोरड्या मातीत रोप पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवसापासून भिमाबाई वाचनाला कुंडीला पाठ लावून बसू लागल्या. रुखमाबाईंचा हात पुढे आला, की पेला काढून घेत आणि उरलेलं पाणी बादलीत टाकत. धम्मशीलेनं सेन्सरला पुन्हा पहिल्यापासून खरं-खोटं शिकवलं. तोही पुन्हा सापडेना, पुन्हा जोडेना. तिनं दात-ओठ खात जोडला; पंप मात्र परत लावला नाही. पानं सगळी गळाली. मग एका सकाळी शेंड्याला तांबूस टोक दिसलं, आणि त्याच आठवड्यात मोबाइल वाजला. माती सुकली, पाणी द्या.

तिनं आधी मातीत बोट घातलं. खरंच सुकली होती.

भिमाबाई दारात चहाआधीचं पाणी पीत होत्या. पेल्यात अर्धं उरलं होतं. त्या कुंडीपाशी आल्या, हात पुढे केला आणि थबकल्या. नवऱ्याच्या झाडाला आयुष्यभर कोणाला न विचारता पाणी घातलेली ती बाई सुनेच्या मोबाइलकडे बघत हळूच म्हणाली, "त्याले विचार बरं, घालू का?"

धम्मशीलेनं मोबाइल पदराआड धरला.

"घाला, आई," ती म्हणाली. "सगळं घाला."